क्षेत्रकार्य आणि मार्गदर्शित चिंतन : जोयडा तालुक्याच्या संदर्भात

समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत ‘क्षेत्रकार्य’ हा अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग मानला जातो. वर्गातील व्याख्यानांबरोबरच विद्यार्थ्याने वस्तीत, रुग्णालयात किंवा खेड्यात प्रत्यक्ष काम करावे, अशी त्यामागील अपेक्षा असते. धर्मविद्यालयांनीही ही पद्धत थोड्याफार फरकाने स्वीकारली आहे. त्यामुळे सुट्टीच्या काळात किंवा शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी असे तरुण-तरुणी आपल्या मंडळ्यांत येतात, महिना-दोन महिने राहतात आणि निघून जातात. त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करावी, चार घरी नेऊन त्यांची ओळख करून द्यावी आणि शेवटी त्यांच्या अहवालावर सही करावी, एवढेच आपले काम आहे, असे पुष्कळ पाळकांना व धर्मशिक्षकांना वाटते. वस्तुतः हे काम याहून बरेच मोठे आहे. ते कोणते व कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : काम केले म्हणजे मनुष्य आपोआप शिकतो, ही समजूत अपुरी आहे. अनुभवाने मनुष्य जसा शहाणा होतो तसा तो पूर्वग्रहांत पक्काही होतो. गरिबांच्या घरी महिनाभर राहून ‘हे लोकच आळशी आहेत’ असे मत घेऊन परतणारा विद्यार्थी काही विरळा नाही. अनुभवाचे ज्ञानात रूपांतर व्हावयाचे असेल, तर त्या अनुभवाकडे कोणा जाणत्या माणसाच्या सोबतीने मागे वळून पाहावे लागते. यालाच समाजकार्याच्या परिभाषेत मार्गदर्शित चिंतन म्हणतात. उदाहरणासाठी आम्ही उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका घेतला आहे. तेथील जीवन बाहेरून जितके साधे दिसते तितके ते नाही. म्हणून चिंतनावाचून केलेले क्षेत्रकार्य किती फसवे ठरू शकते, हे तेथे स्पष्ट दिसते.

१. क्षेत्रकार्याची परंपरा

समाजसेवेसाठी रीतसर शिक्षण हवे, असा आग्रह अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १८९७ साली धरला व पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. गरिबांना मदत करण्यास चांगले अंतःकरण पुरेसे आहे, हा तोपर्यंतचा समज होता. तो अपुरा आहे, हे धर्मादाय संस्थांत काम करणाऱ्यांच्याच अनुभवास येऊ लागले होते.

आपल्या देशात या शिक्षणाचा उगम मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाशी निगडित आहे. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे १९२५ साली मुंबईस आले. अनेक धर्मांच्या व भाषांच्या कष्टकरी लोकांची दाट वस्ती असलेल्या नागपाड्यात त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ ही संस्था उभी केली. तेथे काम करीत असता प्रशिक्षित कार्यकर्त्यांची उणीव त्यांना जाणवली आणि त्यातूनच १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही संस्था त्याच वस्तीत सुरू झाली. १९४४ साली तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी वस्ती, मग शाळा. वस्तीतील कामाने जे प्रश्न उभे केले, त्यांची उत्तरे शोधण्यासाठी वर्ग भरू लागले. पुढे १९५५ साली मुंबईचे निर्मला निकेतन व १९६० साली मंगळूरचे रोशनी निलय ही महाविद्यालये ख्रिस्ती भगिनींच्या संघाने स्थापन केली. १९६३ साली पुण्यास कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. या सर्व संस्थांत क्षेत्रकार्याला अभ्यासक्रमात मानाचे स्थान आहे.

धर्मविद्यालयांतही अशीच एक धारा आहे. १९२५ साली अमेरिकेतील वूस्टर येथील मनोरुग्णालयाचे पाळक अँटन बॉइसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकविण्यास आरंभ केला. ज्या काळजीने आपण ग्रंथ वाचतो त्याच काळजीने दुःखी मनुष्याचे जीवनही समजून घेतले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. भेटीत झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढावे व ते मार्गदर्शकासमोर आणि सहाध्यायांसमोर वाचावे, ही पद्धत पुढे याच धारेत रूढ झाली. समाजकार्यातील ‘प्रक्रिया नोंद’ हीही तिचीच सख्खी बहीण म्हणावी लागेल.

२. जोयड्याचे क्षेत्र

जोयडा हा क्षेत्रफळाने उत्तर कन्नड जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका असून त्याचा फार मोठा भाग अरण्याने व्यापलेला आहे. पूर्वी यास सुपा तालुका म्हणत. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले आणि विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन रामनगर येथे झाले. त्यानंतर वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा प्रश्न पुढे आला. २००७ साली दांडेली व अणशी येथील अरण्याचा मिळून व्याघ्र प्रकल्प घोषित झाला व २०१५ साली त्यास काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव देण्यात आले.

या अरण्यात विखुरलेल्या लहान लहान वाड्यांतून कुणबी राहतात. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून पिके घेण्याची ‘कुमरी’ ही त्यांची जुनी शेती होती. इंग्रज सरकारच्या वनखात्याने तिच्यावर निर्बंध घातले. नाना प्रकारच्या कंदमुळांच्या लागवडीचे त्यांचे ज्ञान आजही प्रसिद्ध आहे. त्यांच्याखेरीज म्हशी पाळणारे धनगर गवळी आहेत. आफ्रिकी वंशाचे सिद्दी या जिल्ह्याच्या अरण्यभागात राहतात व त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कुणब्यांच्या घरी कोंकणी, गवळ्यांच्या घरी मराठीची एक बोली, शाळेत व कचेरीत कन्नड, असा भाषांचा मेळ आहे. हा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात व नंतर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने मराठीचा वावरही येथे जुना आहे. परंतु मराठी समजते म्हणून मनातील गोष्टही मराठीत सांगितली जाईल, असे नवागताने गृहीत धरू नये.

येथील एक बाब विशेष लक्षात घ्यावी. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्यानुसार अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण वनजमिनीवर आहोत हे दाखवावे लागते. जे जमातीच्या यादीत नाहीत, त्यांना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात वास्तव्य असल्याचा पुरावा द्यावा लागतो. उत्तर कन्नडातील सिद्दींचा समावेश जमातीच्या यादीत २००३ साली झाला. त्याच वर्षी शेजारच्या गोव्यात कुणब्यांनाही तो दर्जा मिळाला; कर्नाटकातील कुणब्यांची मात्र तीच मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. राज्याची सीमा ओलांडली की त्याच नावाच्या समाजाचा कायद्यातील दर्जा बदलतो. हे ज्यास ठाऊक नाही तो विद्यार्थी कुणब्याचा दावा नामंजूर झालेला पाहून ‘यांना साधी कागदपत्रे सांभाळता येत नाहीत’ असा शेरा लिहून मोकळा होईल. त्याने जे पाहिले ते खोटे नव्हे. परंतु त्याचा त्याने लावलेला अर्थ अन्यायाचा आहे.

३. एक कल्पित उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक प्रसंग कल्पू या. एक शहरी प्रशिक्षणार्थी व्याघ्र प्रकल्पातील एका वाडीवर जातो. ज्या घरी तो बसतो, त्या घरापुढे स्थलांतराचा प्रश्न आहे. प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास मिळावयाची रक्कम २००८ साली १० लक्ष रुपये व २०२१ साली १५ लक्ष रुपये अशी ठरविण्यात आली. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा या योजनेत स्वतंत्र कुटुंब धरला जातो. घरातील वृद्ध आजोबा म्हणतात, आम्ही येथेच बरे. मुलगा म्हणतो, पोरांना शाळा लांब पडते, जावे. सून चुलीपाशी असते, ती बोलत नाही. शेवटी मुलगा पाहुण्याला विचारतो, “तुम्ही शिकलेले आहात. सांगा, आम्ही काय करावे?”

प्रशिक्षणार्थी क्षणभर थांबतो आणि सांगतो की रक्कम चांगली आहे, मुलांच्या शिक्षणाचे कल्याण होईल, घ्यावी. आजोबा उठून बाहेर जातात. संध्याकाळी तो वहीत लिहितो : ‘कुटुंबास समुपदेशन केले. कुटुंबाने स्थलांतराचे फायदे मान्य केले.’

आता हा विद्यार्थी एकटाच असता तर प्रकरण येथेच संपले असते व ही नोंद ‘यशस्वी भेट’ म्हणून अहवालात गेली असती. परंतु समजा, त्या आठवड्यात स्थानिक पाळक त्याच्यासोबत तासभर बसले. त्यांनी त्याला दोष दिला नाही आणि उत्तरही सांगितले नाही. त्यांनी नोंद पुन्हा लिहावयास लावली. या वेळी कोण काय बोलले ते क्रमाने, जसेच्या तसे. मग विचारले, “मान्य केले असे तुम्ही लिहिता. कोणी मान्य केले? आजोबा उठून गेले तेव्हा तुमच्या मनात काय आले? सूनबाई किती वेळा बोलल्या? आणि मुलाने विचारताच उत्तर देण्याची घाई तुम्हांला का झाली?”

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण असतो. विचार करता विद्यार्थ्यास असे दिसू शकेल की, कोणी आपला सल्ला विचारला याचे त्यास समाधान वाटले होते. उत्तर न देता बसणे त्यास अपमानाचे वाटले असते. त्याने दिलेला सल्ला कुटुंबाची गरज ओळखून दिलेला नव्हता, स्वतःची अस्वस्थता शमविण्यासाठी दिलेला होता. हे कळणे म्हणजेच शिक्षण. पुस्तकातील ‘व्यक्तीचा स्वयंनिर्णयाचा अधिकार’ हे तत्त्व त्याने परीक्षेत लिहिलेले असते. त्याचा अर्थ त्यास आज समजतो.

यानंतर ज्ञानाची बाजू येते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार असे स्थलांतर स्वेच्छेनेच, परस्परांस मान्य अटींवर व्हावयास हवे. त्यापूर्वी लोकांचे वनहक्क निश्चित झालेले असले पाहिजेत आणि ग्रामसभेची व संबंधित व्यक्तींची माहितीपूर्वक संमती घेतली पाहिजे. पाळक विद्यार्थ्यास विचारतात : या घराचा वनहक्काचा दावा कोठवर आला आहे, ते तुम्ही विचारले का? सुपा धरणाच्या वेळी या घराण्यातील कोणी उठून गेले होते का? आजोबांच्या ‘नाही’मागे ती आठवण असू शकेल. सुनेच्या मौनामागे पाणी, सरपण, माहेरचे अंतर, पैसा कोणाच्या खात्यात जमा होणार ही चिंता, असे काहीही असू शकेल. विद्यार्थ्याने पुढच्या भेटीत सल्ला न देता विचारावयाचे आहे, ऐकावयाचे आहे आणि कायद्याची जी माहिती त्या घरास नाही ती मिळवून सर्वांसमोर ठेवावयाची आहे. जावे की राहावे, हे ते घर ठरवील.

४. चिंतनाची रीत

वरील प्रसंगातून मार्गदर्शित चिंतनाचे टप्पे सहज काढता येतात.

(अ) नोंद. भेट झाल्यावर त्याच दिवशी संभाषण शक्य तितके मूळ शब्दांत लिहावे. आपण काय पाहिले, काय ऐकले व आपल्याला काय वाटले, हे तीन निरनिराळ्या ठिकाणी लिहिण्याची सवय लावावी. ‘ते उदास होते’ हा निष्कर्ष आहे. ‘ते खाली पाहून बोलत होते’ हे निरीक्षण आहे.

(आ) स्वतःचे परीक्षण. माझी जात, माझे शिक्षण, माझी भाषा, माझा पोशाख यांमुळे समोरचा मनुष्य माझ्याशी कसा वागला? मी कोणाजवळ बसलो, कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाचे बोलणे मध्येच तोडले?

(इ) कारणांचा शोध. हा प्रश्न याच घराचा आहे की साऱ्या वाडीचा? त्यामागे कोणता कायदा, कोणता इतिहास, कोणाचे हितसंबंध आहेत? येथे वर्गात शिकलेले सिद्धांत कामी येतात. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी कृती व चिंतन यांची फारकत करू नये असे आग्रहाने सांगितले. नुसते चिंतन शब्दांच्या बुडबुड्यांत संपते आणि नुसती कृती धावपळ ठरते.

(ई) पुढील पाऊल. प्रत्येक बैठकीच्या शेवटी पुढच्या भेटीत वेगळे काय करावयाचे, ते एका वाक्यात लिहून ठेवावे. पुढील बैठकीचा आरंभ त्याच वाक्यापासून करावा.

अशी बैठक आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी व निवांत जागी व्हावी. रस्त्याने जाता जाता ‘काय, कसे चालले आहे?’ असे विचारणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. मार्गदर्शकाने मनाशी एक पथ्य पाळावे : विद्यार्थ्याच्या आधी स्वतः उत्तर देऊ नये. आपणास उपदेशाची सवय असल्याने हे पथ्य पाळणे जड जाते. तसेच या बैठकीचे रूपांतर पापकबुलीत किंवा चौकशीतही होऊ देऊ नये. आपली नोंद शिक्षेसाठी वापरली जाईल असे वाटले की विद्यार्थी सुंदर पण खोट्या नोंदी लिहू लागतो.

५. क्षेत्रातील लोकांचे ऋण

क्षेत्रकार्याविषयी एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. विद्यार्थी शिकतो, त्यास पदवी मिळते; पण ज्यांच्या दुःखावर तो शिकला त्यांना काय मिळते? वैद्यकाच्या विद्यार्थ्यास रुग्णाची संमती घ्यावी लागते. मग ज्या घरात समाजकार्याचा विद्यार्थी वही घेऊन बसतो त्या घराची संमती कोणी घेतली?

जोयड्यासारख्या भागात पाहणी करणारे, मोजणी करणारे, छायाचित्रे घेणारे अनेक येऊन गेलेले असतात. दर नव्या पाहुण्याबरोबर आशा वाढते व त्याच्या जाण्याबरोबर ती विझते. म्हणून काही गोष्टी आरंभीच ठरविल्या पाहिजेत. मी विद्यार्थी आहे, अमुक दिवसांनी जाणार आहे, मी जमीन किंवा पैसा मिळवून देऊ शकत नाही, हे पहिल्याच भेटीत लोकांच्या भाषेत सांगावे. नोंदीत खरी नावे व वाडीची ओळख लिहू नये. घरातील गोष्ट प्रवचनात दृष्टांत म्हणून वापरू नये. जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. निघण्यापूर्वी प्रत्येक घरी जाऊन निरोप घ्यावा आणि हाती घेतलेले काम पुढे कोण पाहणार, ते सांगावे. अर्ज लिहून देणे, कचेरीतून माहिती आणणे, ग्रामसभेची तारीख कळविणे ही कामे लहान दिसतात. परंतु ती पूर्ण करूनच जावे. अपुरी मदत कित्येकदा मदत न करण्याहून वाईट ठरते, कारण तिच्या भरवशावर त्या घराने दुसरी वाट धरलेली नसते.

येथेच आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. गरजू मनुष्यास दिलेल्या मदतीला कोणतीही धार्मिक अट, उघड वा छुपी, चिकटलेली असू नये. ज्याला दाव्याच्या कागदासाठी आपली गरज आहे, तो प्रार्थनेस ‘नको’ म्हणावयास मोकळा नसतो. ही विषमता ओळखणे हाही चिंतनाचाच भाग आहे.

६. पाळक व धर्मशिक्षक यांचा वाटा

महाविद्यालयाचे पर्यवेक्षक दूर असतात. महिन्यातून एकदा येऊन ते वही तपासतील. पण त्या घरातील आजोबा का उठून गेले, हे त्यांना कळणार नाही. ते ठाऊक असते वाडीवर वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या धर्मशिक्षकास. त्याच्याजवळ समाजकार्याची पदवी नसते. परंतु भाषा, नाती, जुने तंटे, कोणत्या घरी कोणाचा शब्द चालतो, हे सारे त्यास माहीत असते. म्हणून चिंतनाच्या बैठकीत त्यास वाट दाखविणारा म्हणून बाहेर बसवू नये, शिक्षक म्हणून आत घ्यावे. अहवालावर सही पाळकाची असली तरी पहिला प्रश्न धर्मशिक्षकाने विचारावा. वाडीतील एखाद्या जाणत्या बाईला किंवा पंचालाही महिन्याच्या शेवटी विचारावे की, या मुलाने काय बरे केले आणि काय करावयास नको होते. ज्यांच्यात काम केले त्यांचे मत विचारल्यावाचून कामाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

ही रीत आपल्या परंपरेस परकी नाही. शिष्यांना प्रभूने दोघे दोघे असे गावोगावी पाठविले. मार्काच्या सहाव्या अध्यायात ते परत येऊन आपली सारी हकिकत सांगतात आणि तो त्यांना एकांत स्थळी घेऊन जातो. पाठविणे, परत येणे, सांगणे आणि एकांत, असा हा क्रम आहे. आपण पाठवितो पुष्कळांना; परत आलेल्यांचे ऐकून घेण्यास मात्र आपणांस सवड नसते.

येत्या सुट्टीत आपल्याकडे कोणी प्रशिक्षणार्थी यावयाचा असेल, तर तो येण्यापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्यात असे आम्ही सुचवितो : आठवड्यातील बैठकीचा वार व वेळ, त्या बैठकीत बसणारा धर्मशिक्षक, आणि ज्या घरी विद्यार्थी जाणार त्या घरांची आगाऊ विचारलेली संमती. एवढी तयारी झाल्यावर विद्यार्थ्याच्या हाती वही द्यावी व त्यास वाडीवर पाठवावे.